रिकाम्या बाकाची साक्ष

त्या दिवशी सुताराची शेजारीणबाई माझ्या एका टोकाला बसली. पिशवी तिने मांडीवर घट्ट धरली होती. पहारेकरी जवळ आला तसे ती म्हणाली, "सुतारदादांना निरोप द्या. वहिनी गेल्या. परवा सकाळी."

पहारेकऱ्याने सवयीने विचारले, "तुम्ही नात्यातल्या का?"

"मागच्या खेपेलाही तुम्ही हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा त्या जिवंत होत्या."

पहारेकऱ्याची मान खाली गेली. मला मान असती तर माझीही गेली असती.

मित्रांनो, तुरुंगात कैद्याला घरची माणसे भेटायला येतात, त्या खोलीतला मी जुना बाक. बाकाला कसली आली लाज, असे तुम्ही म्हणाल. पण मला लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगायचे तर आधीपासून सांगायला हवे.

मी पूर्वी बाक नव्हतो. मी एका कोठडीचे दार होतो. जाड, जड आणि बिनझरोक्याचे. त्या काळच्या साहेबांचे मत होते की काही माणसे जन्मालाच वाईट येतात. बाप चोर तर मुलगा चोर, खाण तशी माती. अशा माणसाला शिकवून काय उपयोग? त्याला कोंडा आणि विसरून जा. साहेबांचे मत तसे, म्हणून माझी जाडी तशी. आतून लोक माझ्यावर नखांनी ओरखडे काढायचे. ते मी बाहेरच्या कोणाला दाखवू शकत नव्हतो, कारण माझी आतली बाजू बाहेरून दिसतच नसे.

मग ते साहेब गेले आणि दुसरे आले. त्यांचे मत निराळे. ते म्हणत, माणूस जन्माने बिघडत नाही, संगतीने बिघडतो, हाताला काम नसले की बिघडतो. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, मग चांगल्या कामाशेजारी बांधून का बघू नये? त्यांनी तुरुंगात सुतारकामाचा कारखाना काढला. जुनी बिनझरोक्याची दारे उतरवली आणि म्हणाले, "यांचे बाक करा. भेटायला येणारी माणसं उभी राहतात, ते बरं दिसत नाही."

वर कोणाचे तरी मत बदलते आणि खाली आमच्यासारख्यांवर करवत चालते. या वेळी मात्र ती चालली याचा मला आनंद झाला.

मला ज्याने घडवले तो कैदी मूळचा सुतारच होता. बाहेर एका बांधकामावर भांडण झाले, रागाच्या भरात त्याने हातातला हातोडा फेकला आणि सोबतच्या गवंड्याचा एक डोळा गेला. हे तो कधी नाकारत नसे. कोणी त्याची बाजू घेऊ लागले तर म्हणायचा, "राहू द्या. डोळा माझा नाही गेला." त्याने रंध्याने माझ्यावरचे ओरखडे काढले. एकही खिळा न मारता, खाचेत कूस, म्हणजे फळीचे कोरलेले टोक, बसवून, सरस लावून मला जोडले. साहेबांनी बसून पाहिले, दोन्ही हातांनी मला थोपटले आणि म्हणाले, "हा माणूस बाहेर पडल्यावर उपाशी मरायचा नाही." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

सुताराची बायको दर भेटीच्या दिवशी यायची. पहिल्यांदा तिने माझ्यावरून हात फिरवला आणि त्याच्याकडे पाहिले.

"हा तुम्ही केलात?"

"हो."

"घरचं फडताळ लग्नापासून एका बिजागरीवर लोंबकळतंय, आणि सरकारचा बाक बघा कसा गुळगुळीत!"

तो कसनुसा हसला. तिच्या डोळ्यांत बघायला त्याला नेहमी वेळ लागायचा. आधी तो तिच्या चपलांकडे बघायचा, मग पिशवीकडे, मग कुठे वर. तीही घाई करत नसे. दुधाचे भांडे उतू गेले, शेजारणीची मांजर व्यायली, असे काहीबाही सांगत राहायची. त्यांना मूलबाळ नव्हते. घर म्हणजे ती एकटीच.

मग हेही साहेब गेले. नवे साहेब कारखान्यात शिरले ते नाक मुरडतच. "तुरुंग आहे की माहेर?" ते म्हणाले. त्यांचे मत असे की धाक बसल्याशिवाय माणूस सरळ चालत नाही. शिक्षा बोचली पाहिजे. कारखान्याला कुलूप लागले, भेटी निम्म्यावर आल्या. सुताराच्या हातात झाडू आला. तरीही त्याची बायको चुकली नाही. ज्या दिवशी भेट असे त्या दिवशी येऊन बसायचीच.

त्यानंतर वरून एक बाई आल्या. कैदी त्यांना मोजणीबाई म्हणत. त्या वाईट नव्हत्या, हे मला आधी सांगितले पाहिजे. त्या कोणावर ओरडत नसत, प्रत्येकाला अहोजाहो करत. त्यांनी एक तक्ता आणला होता. सुटल्यावर कोण पुन्हा गुन्हा करील आणि कोण करणार नाही, हे त्या तक्त्यातल्या गुणांवरून ठरायचे. गुण चांगले असले तर थोडे दिवस घरी जायला रजा मिळे, लवकर सुटका होई. त्यात एक प्रश्न असा होता की घरून कोणी भेटायला येते का. ज्याच्या घरचे येत राहतात तो बाहेर पडल्यावर बहुधा सुधारतो, असे विद्वानांना आढळले होते.

ते खोटे नव्हते, मित्रांनो. मी इतकी वर्षे त्या खोलीत होतो, मलाही तसेच दिसले होते. म्हणून मला अभिमान वाटला. माझ्यावर कोण बसते याला आता किंमत आली, असे मला वाटले. पण ज्याच्याकडे कोणी येते तो बरा, यातून ज्याच्याकडे कोणी येत नाही तो धोक्याचा, हे कोणी ठरवले? शितावरून भाताची परीक्षा करतात, ठीक आहे. इथे शीतच नव्हते, आणि भात कच्चा म्हणून सांगून टाकला.

सुताराची बायको यायची बंद झाली. भेटीच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून आतल्या दाराशी उभा राही आणि वेळ संपली की परत जाई. मग शेजारीण पहिल्यांदा आली. "वहिनी अंथरुणाला खिळल्यात," ती पहारेकऱ्याला म्हणाली, "त्यांच्या वतीने मी आलेय."

"नात्यातल्या का तुम्ही?"

"शेजारीण आहे. पण त्यांचं सगळं मीच करते."

"मग ही भेट नाही धरता येत. नियम आहे."

ती थोडा वेळ माझ्यावर बसून निघून गेली. पुढे तिने कोणाकडून तरी सुताराला पत्र लिहून घेतले, आणि सुताराने रजेचा अर्ज केला. त्याला बायकोजवळ जायचे होते, एवढेच. सुनावणी याच खोलीत झाली.

मोजणीबाईंनी विचारले, "घरून कोणी भेटायला येतं का तुम्हाला?"

"येत होती. आता आजारी आहे, म्हणून तर रजा मागतोय."

"म्हणजे सध्या येत नाहीत."

"तिला उठता येत नाही, बाई."

"मला कळतं हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरेच कळत असावे. "पण गुण मी देत नाही, तक्ता देतो."

साहेबांनी माझ्याकडे बोट केले. "याच्या भेटीच्या वेळी हा बाक कधीचा रिकामा आहे. घरच्यांनी संबंध तोडलेत. हा बाहेर गेला तर परत येईल कशावरून?"

पहारेकरी दाराशीच उभा होता. शेजारीण आली होती, हे त्याला माहीत होते. तो भिंतीकडे बघत राहिला. बोलायला तोंड असलेला गप्प होता, आणि मी तोंड नसलेला त्या माणसाविरुद्ध साक्ष देत होतो. ज्याने मला घडवले त्याच्याविरुद्ध. रजा नामंजूर झाली.

बायको गेल्याचा निरोप आला त्या दिवशी पहारेकऱ्याने सवयीचा प्रश्न विचारला, पण नियम सांगितला नाही. तो स्वतः आत गेला आणि सुताराला घेऊन आला. सुतार शेजारणीसमोर उभा राहिला, बसला नाही.

"शेवटी कोण होतं जवळ?"

"मी होते."

"पाणी?"

"पाजलं. दोन घोट गेले."

"माझं काही म्हणाली?"

शेजारीण पिशवीचे बंद चाळवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही रजेवर येणार म्हणून रात्री दाराला कडी लावू देत नव्हत्या."

तेव्हा तो खाली बसला. माझ्या कडेला त्याने बोटे रोवली. "गवंड्याचा डोळा गेला, त्याची शिक्षा मला झाली, ती बरोबर होती," तो म्हणाला. "तिनं काय केलं होतं?"



काही दिवसांनी मोजणीबाई आल्या. पहारेकरी त्यांना म्हणाला, "शेजारीण आली होती, बाई. तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही." त्या माझ्यावर बसल्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "वर कळवते."

शेजारीण अजून भेटीला येते, आणि पहारेकरी तिला भेटू देतो. सुतार तिच्याशी फार बोलत नाही, पण येतो. ती नात्यातली नाही, म्हणून तिचे येणे गुणांत धरत नाहीत. सुताराला आता घरचे कोणी नाही, तेव्हा त्याचे गुण आणखी खाली गेले आहेत.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यातले कोणी साहेब होतील, कोणी तक्ते करतील. माणूस वाईट का वागतो याबद्दल तुमचेही काही मत असेल. असू द्या. पण त्या मताचे दार होते, बाक होतो, कुलूप होते, हे ध्यानात ठेवा. आणि रिकामी जागा दिसली तर ती रिकामी का आहे, हे आधी कोणाला तरी विचारा.

मोजणीबाईंनी वर कळवले आहे. 'कोणी येत नसेल तर का येत नाही' हा प्रश्न तक्त्यात अजून घातलेला नाही.