कागल ते फ्रँकफर्ट, बेंगळुरूमार्गे

रविवारी सकाळी अकराला पंपाची बॉडी, म्हणजे बाहेरचं ओतीव कवच, मशीनवरून उतरली. सोनम कांबळेनं ती तीनदा मोजली. माप अचूक होतं.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात तपासणीचं काम तिच्याकडे होतं. पहिला नमुना जर्मनीच्या कंपनीनं नापास केला होता. हा दुसरा सोमवारी तिथल्या दुपारी बारापर्यंत त्यांच्या टेबलावर पोचला नाही, तर वर्षभराचं काम दुसऱ्याला जाणार होतं. ‘पोचेल’ हे उत्तर सोनमनंच स्वतःच्या नावानं पाठवलं होतं.

कुरियरला वेळ नव्हता, म्हणून नमुना तीच घेऊन निघणार होती. मालक बाळासो खडू घेऊन फरशीवर बसले.

“बेंगळुरूचं विमान मध्यरात्रीनंतर दोन पन्नासला. फ्रँकफर्ट साडेसात हजार किलोमीटर, धा तास. झाले बारा पन्नास! बाराला तू ढगातच की गं.”

“व्हय, आपल्या घड्याळात. तिथलं घड्याळ साडेचार तास मागं हाय, मालक. मी उतरताना तिथं सकाळचे आठ वीस.”

“आन् जर्मनी पश्चिमेला, तू निघालीस बेंगळुरूला! आपला माल आजवर मुंबईवरनंच गेलाय.”

“मुंबईवरनं आज जर्मनीच्या एकाही विमानात जागा न्हाय. बेंगळुरूच्या विमानात हाय. कोल्हापुरातनं बेंगळुरू पावणेदोन तासांत.”

लेथवरचे यल्लाप्पा हात पुसत म्हणाले, “मालक, पोरगी गेल्या महिन्यात जर्मनीच्या प्रदर्शनाला जाऊन आलीया, व्हिसा चालू हाय तिचा. तुम्ही बेळगावच्या पुढं कधी गेलायसा?”

बाळासोंनी खडू टाकला. “जा बाई. पण माझा हिशोब बाराचाच हाय, सांगून ठेवतो.”

बॉडीचं वजन सहा किलो चारशे. विमानात हातात सात किलोच नेता येतात आणि सोनमची बॅगच दोन किलोची. यल्लाप्पांनी आपला डबा बाहेर काढून कापडी पिशवी रिकामी केली. तिच्यावर लग्नाची छपाई होती: चि. विजयसिंह आणि चि. सौ. कां. वर्षाराणी.

त्या पिशवीसह ती कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर पोचली, बेंगळुरूत सात तास बसली आणि पुढचे दहा तास पिशवी पायाशी दाबून जागी राहिली. फ्रँकफर्टला विमान सव्वाआठलाच टेकलं. तासाभराची रेल्वे, मग टॅक्सी. दहा पन्नासला पिशवी कंपनीच्या टेबलावर होती. तिथल्या तपासनिसानं वधूवरांची नावं न्याहाळली आणि बॉडी बाहेर काढून यंत्राखाली ठेवली. पडद्यावर एकामागून एक आकडे हिरवे होत गेले. शेवटच्या आकड्याला त्यानं कागदावर सही केली.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. सोनमनं फोन लावला. कागलला तेव्हा दुपारचे चार दहा.

“पास!” ती ओरडली. दोन खुर्च्यांपलीकडचे लोक वळून बघायला लागले. “वर्षाचं काम आपलं, मालक!”

 पलीकडून यल्लाप्पांचा आवाज आला, “मालकांनी बारालाच मशीन बंद केलं बघ. काम गेलं म्हणाले.”

“आणि आता?”

“आता ‘पास’ ऐकलं आन् डोळं पुसत तोंड धुवायला गेलेत.”

“मशीन चालू करा, काका. पहिल्या महिन्याला चाळीस बॉड्या द्यायच्यात.”

“करतो की!”

सोनमनं फोन कानाला घट्ट धरला. आधी बटणाचा खटका ऐकू आला, मग मोटारीची घरघर वाढत गेली.