अभ्यासिकेतले नंबर

खंडेराव गांगुर्ड्यांचा भाचजावई किशोर जेवायला आला होता. नाशकात त्याची स्पर्धा परीक्षांची अकॅडमी होती आणि आता चांदवडला शाखा निघणार होती.

"मामा, तुमची वैष्णवी वाचनालयात ग्रंथपाल आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींचे फोन नंबर तेवढे मिळवून द्या. वाचनालयाला कॉम्प्युटर देतो, अगदी नवेकोरे."

"एवढंच ना? घरचंच काम हाय," म्हणत खंडेरावांनी जावयाच्या ताटात आग्रहानं आणखी एक पुरणाचा मांडा वाढायला लावला. एसटीत कंडक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती, आणि दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले. अभ्यासिकेत पोलीस भरतीच्या, तलाठी परीक्षेच्या मुली खाली मान घालून वाचत होत्या. खंडेरावांनी लेकीला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"नाही देता येणार, अण्णा."

"अगं, मी मागतोय!"

"तुम्ही मागा, नाहीतर कलेक्टर साहेब मागू देत. अभ्यासिका बंद असली तर कळवायला म्हणून मुलींनी नंबर दिलेत. दुसऱ्या कशासाठी वापरायचे तर त्यांना विचारायला हवं."

खंडेरावांचा चेहरा पडला. वैष्णवी त्यांच्यासाठी चहा सांगायला उठली, आणि उठता उठता तिनं कॉम्प्युटरची स्क्रीन लॉक केली. बाप समोर बसलेला असताना! त्यांना ते फारच लागलं.

चहा आल्यावर ती म्हणाली, "मागच्या वर्षी इथल्या एका मुलीचा नंबर कुठल्याशा दुकानातून बाहेर गेला. कोणाकोणाचे फोन यायला लागले. घरच्यांनी तिचंच शिक्षण बंद केलं. मी दोनदा तिच्या गावाला गेले, आईबापाच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठं ती परत आली."

"कोणाची पोर?"

वैष्णवी हसली. "तेही नाही सांगणार."

खंडेरावांच्या हातातल्या कपात चहा निवला. आपल्या घरात रोज जेवणारी, भांडणारी ही पोर एवढी गोष्ट वर्षभर पोटात ठेवून होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

नकार कळल्यावर किशोर मात्र गप्प बसला नाही. तो थेट वाचनालयाच्या अध्यक्षांना, भिमाजी अप्पांना भेटला. अप्पांनी समितीची बैठक लावली आणि किशोरलाही बोलावलं. खंडेराव जुने सभासद, तेही मागच्या खुर्चीवर जाऊन बसले.

"कॉम्प्युटर म्हणजे काय लहान गोष्ट नाय," अप्पा म्हणाले. "आणि नंबरच तर मागतायत. पोरी, तू एवढी का अडून बसलीस?"

"त्यांनी जाहिरात द्यावी अप्पा, मी आपल्या फलकावर स्वतः लावते. ज्याला क्लास हवाय तो फोन करेल. पण यादी माझ्या हातून जाणार नाही."

किशोरनं मागं वळून पाहिलं. "मामा, तुम्ही शब्द दिला होता."

सगळ्यांच्या नजरा खंडेरावांवर गेल्या. ते उभे राहिले. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज होता त्यांचा, तोच आज त्यांनी बैठकीत लावला.

"दिला होता, जावईबापू. चुकलो. पोरींनी नंबर वाचनालयाला दिले, मला नाय दिले. जे माझं नव्हतंच, त्याचा शब्द मी दिला. तो मी सगळ्यांसमोर परत घेतो. ग्रंथपाल बाई म्हणतात ते बरोबर हाय."

लेकीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच 'बाई' म्हटलं होतं. वैष्णवी मान खाली घालून समोरचे कागद उगाच नीट करू लागली.

अप्पा म्हणाले, "माझी नातही इथंच बसते अभ्यासाला. तिचा नंबर मी तरी कोणाला दिला असता का?" पुढं कोणी वाद घातला नाही. सभासदांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय कोणालाही द्यायची नाही, असा ठराव तिथंच मंजूर झाला.

कॉम्प्युटर काही आले नाहीत. किशोर महिनाभर रुसला, मग त्यानं जाहिरात पाठवून दिली आणि वैष्णवीनं ती फलकावर लावली. बऱ्याच मुलींनी आपणहून चौकशी केली.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर जुन्या ड्रायव्हरनं खंडेरावांना डिवचलं, "काय हो, पोरगी तुमचं बी ऐकत नाय म्हणे?"

"नाय ऐकत," खंडेराव छाती काढून म्हणाले, आणि सगळ्यांचा चहा त्यांनीच सांगितला.