झोळीची साडी

तिसरी बाटलीही रेवानं जिभेनं बाहेर ढकलली, तेव्हा तिच्या बापानं, गजेंद्रनं, ती आधीच्या दोन बाटल्यांशेजारी नेऊन ठेवली. मूर्तिजापुरातल्या औषधांच्या दुकानांत जितक्या जातीच्या निपलांच्या बाटल्या मिळत होत्या, तितक्या आता घरात होत्या. दूध काही परक्याचं नव्हतं. वर्षालीनं स्वतःचंच पिळून वाटीत काढलं होतं. पण पाच महिन्यांच्या त्या जिवाला दूध कोणाचं याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते आईच्या अंगावरूनच यायला हवं होतं.

वर्षाली गच्चीवरच्या खोलीत दार लावून बसली होती. आई जवळपास असली की लेकरू बाटली धरत नाही, हे तिनं आजवर कितीतरी बायांना समजावून सांगितलं होतं. तेच ज्ञान आता तिच्या गळ्यात पडलं होतं. पत्र्याची खोली, मे महिन्याचं वऱ्हाडी ऊन, आणि जिन्यातून वर येणारं ते रडणं. रडण्याचा एक सूर असा यायचा की छाती दुधानं भरून यायची आणि गाऊन पुढून ओला व्हायचा. खाली दुधासाठी लेक टाहो फोडते आहे आणि वर तेच दूध फरशीवर ठिबकतं आहे. हसावं की रडावं, तिला कळेना.

वर्षाली सैन्याच्या नर्सिंग सेवेत कॅप्टन होती. तिचं रुग्णालय पंजाबात, सीमेपासून फार लांब नाही. बाळंतपणाची रजा सरली होती आणि तिला जोडून घेतलेली वार्षिक रजा चालू होती. सातवा लागला की रेवाला भाताची पेज सुरू करायची, हळूहळू वरचं दूध, आणि मग आपण निघायचं, असा सगळा हिशेब तिनं मनात मांडून ठेवला होता. तेवढ्यात सीमेवर ठिणगी पडली. टीव्हीवर नकाशे आणि लाल बाण नाचू लागले, आणि एका सकाळी मोबाईलवर दोन ओळींचा निरोप आला. रजा रद्द. परवाच्या दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याहून निघणं भाग होतं.

तिनं मेट्रन मॅडमला फोन लावला होता. लेकरू सोबत आणू का, एवढंच विचारलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "क्वार्टर रिकामे करून बायकापोरं मागे पाठवून राहिलो आम्ही, आणि तू पाच महिन्यांचं आणतेस? इथे रोज संध्याकाळी दिवे बंद असतात." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "बेड वाढवलेत, वर्षाली. हात नाहीत."

गजेंद्रनं विचारून पाहिलं होतं, "नाही गेलीस तर?"

"तर त्याला पळून जाणं म्हणतात."

त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. मृगाच्या तोंडावर त्याचं बियाण्याचं दुकान माणसांनी भरून जायचं. ते बंद ठेवून तो बाटल्या उकळत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी, देवघराच्या फडताळातून चांदीचं बोंडलं काढलं. नळीचं ते इवलंसं भांडं. गजेंद्र त्यानंच दूध प्यायचा म्हणे. रेवानं त्याची चोच तोंडात येताच ओठ असे मिटले की दूध गालावरून कानात गेलं. चमच्याची तीच गत. कापसाची वात भिजवून दिली, तर तिनं वात चोखली, चव कळल्यावर थुंकली, आणि आपल्याला फसवलं म्हणून दुप्पट रडली.

"फाजील झाली पोट्टी," सुभद्राबाई म्हणाल्या. "सारा दिवस छातीशी धरून राहतेस, मंग दुसरं काहून घेईन ते?"

"आई, सहा महिने फक्त अंगावरचंच पाजायचं असतं."

"त्या पुस्तकवाल्याले सीमेवर लाम लागन हे मालूम नव्हतं वाटते."

सासूबाईंचं बोलणं आधीपासूनच खिळ्यासारखं. पण कालपासून त्या जेवल्या नव्हत्या, हे तिनं पाहिलं होतं.

संध्याकाळी सुभद्राबाई अंगणातल्या निंबाचा पाला वाटून घेऊन आल्या. हिरवागार गोळा, वास घरभर. "आमच्या बायायनं असंच तोडलं साऱ्यायचं दूध. लाव छातीले. एकदा कडू लागलं का लेकरू आपोआप सोडते, अन् मंग भुकीनं बाटली धरते. माया गजाचं दोन दिवसांत सुटलं होतं."

"तेव्हा ते केवढे होते?"

"दीड वर्साचा."

हाच प्रश्न वर्षालीनं स्वतःला पुन्हा एकदा विचारायला हवा होता. दीड वर्षाचं लेकरू भाकरीचा तुकडा मागतं. पाच महिन्यांच्याला छातीशिवाय दुसरं जगच नसतं. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ती काडी आहे की साप, हे पाहायला बुडत्याला फुरसत कुठे असते. ती आतल्या खोलीत गेली आणि तो लेप तिनं स्वतःच्या हातानं लावला.

रेवा हावऱ्यासारखी झेपावली. एक घोट घेतला. मग तोंड सोडून तिनं मान वर केली आणि आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रडली नाही लगेच. नुसती पाहत राहिली, ओळख पटवावी तशी. मग जी रडायला लागली ती वर्षालीच्या मांडीवर राहीच ना.

ती सबंध रात्र रेवा रडत राहिली. सकाळी वर्षालीनं पाण्यानं, साबणानं, बेसन लावून छाती धुतली, पुन्हा धुतली, आणि लेकीला जवळ घेतलं. रेवानं तोंड फिरवलं. डावीकडून घेतलं तर उजवीकडे फिरवलं. बाटली घेत नव्हतीच, आता आईही नको झाली होती. लंगोट कोरडा होता. वर्षालीनं तिच्या टाळूवर बोट ठेवलं, तर बोट किंचित आत गेलं.

अंगातलं पाणी आटल्याची ही खूण तिनं वॉर्डात पुष्कळदा पाहिली होती. पुढचंही तिला पाठ होतं. सरकारी दवाखाना, सलाईनसाठी शीर सापडत नाही म्हणून डोक्याला टोचणार, नाहीतर नाकातून नळी. अशा नळ्या तिनं स्वतः घातल्या होत्या, "काही होत नाही हं" म्हणत. लेक तिथे नळी लावून पडलेली असेल आणि आपण गाडीत बसून दुसऱ्यांच्या जखमा बांधायला निघालेलो असू. तिनं बॅग भरायला घेतली. कपड्यांमध्ये ठेवायला रेवाचं एक न धुतलेलं झबलं उचललं आणि कोणी पाहिलं का म्हणून मागे वळली.

दारात निखत उभी होती. शेजारच्या परवेजची बायको. परवेज कूलर बनवायचा, आणि उन्हाळाभर त्याच्या पत्र्यांचा खणखणाट भिंतीपलीकडून यायचा. आज तो बंद होता. निखतच्या कडेवर तिचा नऊ महिन्यांचा उमैर होता.

"भाभी, कालपासून आवाज ऐकून राहिली मी," ती म्हणाली. "पयले रडायची. आता कण्हून राहिली. म्हणून आली." तिनं उमैरला खाली ठेवलं. "द्या इकडे. मले पुरून उरते. हा तर आता खिचडी खाते."

वर्षालीच्या हातून झबलं सुटलं. हे आपल्याला कसं सुचलं नाही? निखतचे पोटुशीपणातले सगळे रिपोर्ट तिनंच सुट्टीत आल्यावर वाचून दाखवले होते. तब्येतीचा प्रश्नच नव्हता. सुचलं नाही, कारण तसं कोणी सुचूच देत नाही.

"थांब," निखतच्या मागून आवाज आला. तिची सासू, जहाँआराचाची, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढत होती. आत येऊन खुर्चीवर बसली. समोर सुभद्राबाई. दोघी तीस वर्षांच्या शेजारणी. एकमेकींच्या घरची लोणची खाल्लेल्या, आणि नळाच्या पाण्यावरून भांडलेल्या.

"सुभद्राबाई, पाजाले आमची ना नाही," चाची म्हणाली. "पण आमच्यात दूध म्हंजे हिसाबाची गोष्ट हाय. हिनं पाजलं का ही पोट्टी निखतची बेटी झाली. उमैरची बहीण. दूधशरीक म्हणतात. मरेपर्यंत ते नातं तुटत नाही. उद्या लपवाछपवी नाही चालत."

सुभद्राबाई पदराशी चाळा करत होत्या. "पाजू द्या ना. पण कोणाले सांगाची काय गरज? चार दिवसाची तं गोष्ट हाय."

"मंग नाही."

"आई—" गजेंद्र म्हणाला.

"तू थांब, बेटा," चाची त्याला म्हणाली, आणि नजर सुभद्राबाईंवरच ठेवली. "परवा चौकातल्या पोट्ट्यायनं परवेजले इचारलं, दुकानावर झेंडा काहून नाही लावला. त्यानं झेंडा लावला अन् दुकान बंद करून घरी बसला. तुमची सून तिकडे चालली, आमची बहू इकडे तुमच्या नातीले पाजन. अन् तुमी म्हणता सांगू नका. चोरीचं दूध आमी नाही पाजत. लोकायनं इचारलं तं सांगसान का, एवढं बोला."

रेवा आता कण्हतही नव्हती. वर्षालीनं सासूकडे पाहिलं. तिला पाया पडायचं होतं, ओरडायचंही होतं. दोन्ही जमलं नाही. "आई, टाळू आत गेली तिची," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

सुभद्राबाई उठल्या. "तो पाला म्याच वाटला," त्या म्हणाल्या. मग चाचीकडे वळून, भांडताना काढत तोच आवाज काढला. "सांगीन. गल्लीत उभी राहून सांगीन. कोण इचारते तेच पायते."

पण गोष्ट तिथे संपली नाही. निखतनं रेवाला घेतलं आणि रेवानं तिच्याकडेही तोंड फिरवलं. छाती म्हटली की कडू, एवढं ती शिकली होती. निखतनं दुधाचा थेंब ओठांवर पाडला. ओठ मिटलेलेच. बाहेर गजेंद्रच्या मित्राची गाडी येऊन उभी राहिली, हॉर्न एकदा वाजला आणि थांबला.

वर्षाली भिंतीला टेकून खाली बसली. आता काहीच उरलं नव्हतं.

सुभद्राबाई खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या, वर आढ्याकडे पाहत. तिथे झोळी टांगलेली होती. वर्षालीची जुनी सुती साडी, बाराव्या दिवसापासून रेवा तिच्यातच निजायची. रोज रात्री दूध पिऊन, तोंड ओलं असतानाच. निंबाचा वास त्या साडीला लागला नव्हता. त्या स्टुलावर चढल्या. गजेंद्र धावला, त्याला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं. दोराची गाठ दातानं सोडवली.

"हे घे," त्या निखतला म्हणाल्या. "डोक्यावरून घे. पोट्टीले आत घे. तिले तू दिसाले नको अन् उजेडही दिसाले नको."

निखतनं साडी डोक्यावरून ओढून घेतली. आत रेवा, बाहेर नुसता हलणारा कपडा. आत एक हुंदका, पाय झाडल्याची हालचाल, मग काहीच नाही. वर्षाली गुडघ्यांवर सरकत जवळ गेली.

आतून आवाज आला. घुटुक. थोड्या वेळानं पुन्हा. मग सलग.

जहाँआराचाचीनं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. सुभद्राबाई स्टुलावरच बसून राहिल्या, हातात दोर तसाच.

हॉर्न पुन्हा वाजला. वर्षालीचा हात साडीच्या काठापर्यंत गेला. एकदा पाहायचं होतं. पुढं काय होईल कोणाला ठाऊक, एकदाच तो चेहरा, पिताना मिटलेले डोळे. काठ तिच्या बोटांत होता.

"भाभी, नका," साडीच्या आतून निखतचा दबका आवाज आला. "तुमच्या अंगचा कडू वास आला तं सोडन ती."

वर्षालीनं बोटं उघडली.

तिनं बॅग उचलली. फरशीवर पडलेलं झबलं उचलून आत टाकलं. सासूबाईंच्या पाया पडली, चाचीच्याही. उमैर जमिनीवर बसून रिकामी बाटली आपटत होता. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आवाज झाला तर रेवा थांबेल, एवढी एकच भीती सगळ्यांना होती.

गाडी गल्लीच्या टोकाशी वळली. वर्षालीनं काच खाली केली आणि मान बाहेर काढून कान दिला. रडणं ऐकू येत नव्हतं. लेक पीत होती, किंवा आवाज इथवर पोचत नव्हता. यातलं कोणतं, हे तिला कळणार नव्हतं. तरी छातीतून दूध सुटलं आणि इस्त्रीच्या कुडत्यावर दोन डाग पसरत गेले.

"रुमाल देऊ?" गजेंद्रनं विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "बडनेऱ्यापर्यंत वाळेल."