फळ्यावरची रेघ

महिपत धनावडेचं त्या दिवशी बूड जागेवर ठरत नव्हतं. खिडकीशी जायचा, परत यायचा, चहा निवला तरी कप हातात तसाच. खाडीकाठच्या त्या छोट्या संशोधन केंद्रात पुण्याहून मालनबाई आल्या होत्या आणि त्या चक्क शास्त्रज्ञ मोजत होत्या. कुणाला किती येतं ते एक, आणि कुणाचं कुणाला किती मिळतं ते दुसरं, असं त्यांचं शास्त्र. ज्याच्याकडे कुणीच विचारायला जात नाही त्याची बदली थेट विदर्भात, असं केंद्राच्या साहेबांनी आधीच सांगून टाकलं होतं. विदर्भात समुद्रातली कोळंबी कुठून आणायची? आणि पाली गावातलं घरही सुटणार.

प्रत्येकाला प्रश्न एकच होता. अडलात की कुणाकडे जाता?

खरं सांगायचं तर महिपत अडला की अस्लम फणसोपकरकडेच जायचा. कोळंबीच्या पिल्लांची जात ओळखणारे केंद्रात हे दोघेच. पण निबंधावर कुणाचं नाव आधी, यावरून तीन वर्षं अबोला! मग शंका आली की एकानं दुसरा जेवायला गेलेला बघून काचपट्टी त्याच्या मायक्रोस्कोपखाली ठेवून यायचं. दुसऱ्यानं पिल्लाच्या अंगावरच्या, जात सांगणाऱ्या नेमक्या काट्यावर भिंग जुळवून बाजूला व्हायचं. मग पहिल्यानं गुपचूप डोकवायचं. एवढी शिकलेली माणसं, आणि हे पोरखेळ.

बाईंनी विचारलं तेव्हा महिपतची जीभ रेटेना. नाव घेतलं तर हरलो, एवढंच डोक्यात.

"मी कुणाकडे जात नाही," तो म्हणाला.

दुपारी बाईंनी सगळ्यांसमोर फळ्यावर वर्तुळं काढली आणि विचारणाऱ्याकडून सांगणाऱ्याकडे रेघा ओढल्या. महिपतकडे एकच रेघ आली, ती अस्लमकडून. अस्लमकडे एकही नाही.

"फणसोपकर, सामान बांधा," साहेब म्हणाले. "अहवाल उद्याच्या टपालानं जाईल."

महिपतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं आपलं नाव घेतलं, आणि आपण त्याला घालवलं. तो ताडकन उठला.

"बाई, मी खोटं बोललो. मी याच्याकडेच जातो."

कुणीतरी फिसकन हसलं. "तुम्ही दोघं बोलता तरी का?" साहेबांनी विचारलं.

"आता मी स्वतः पाहिलं तरच रेघ ओढीन," मालनबाई हळूच म्हणाल्या आणि बाहेर गेल्या.

प्रयोगशाळेत अस्लम टेबल आवरत होता. महिपत काचपट्टी घेऊन समोर उभा राहिला. तीन वर्षांत पहिल्यांदाच, अस्लम खुर्चीत असताना.

"अस्लम," तो पुटपुटला, "ह्या पिल्लाची जात कुठली रे? मला नाय कळत."

अस्लमनं काचपट्टी घेतली नाही. त्यानं दाराकडे बघितलं.

"मोठ्यानं विचार, मेल्या," तो म्हणाला. "बाई अजून व्हरांड्यातच हायत."