पांढरी एक, मातशी चढलेली

बाबांनी हत्यारांची पिशवी बांधून दाराशी ठेवली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने पार्सेपासून हरमलपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या सुरात लावल्या, तो म्हणे आता काम सोडणार. रविवारी चार वाजता डिचोलीहून योगेश येणार आणि हत्यारं घेऊन जाणार. योगेशही पेट्या दुरुस्त करतो, बाबांच्याच हाताखाली शिकलेला.

कारण काय, तर बाबाजीने पेटी परत पाठवली. बाबाजी आमच्या वाड्यावरच्या मंडळाचा म्होरक्या, बाबांचा शाळेपासूनचा मित्र. "गोपाळ, ह्या वेळी कायतरी कानाला खटकतं रे," एवढंच तो म्हणाला, तेही चांगल्या शब्दांत. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग पणजीला जाऊन कान तपासून आले. डॉक्टरने कागदावर एक रेघ दाखवली, उजवीकडे खाली उतरलेली, आणि वयोमानाप्रमाणे असं होतं म्हणून सांगितलं. झालं! घरी येऊन बाबा म्हणाले, "माझो कान गेलो, सुविधा."

"कान गेला म्हणजे काय, बस गेली?" मी ओरडले. मला रडू आलं की मी ओरडते. हा गुण मी बापाकडून उचलला असं आई म्हणते.

मी तुयेला एका लहान कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम करते. नवीन चिप वापरायच्या आधी तिचा चाचणीचा बोर्ड मागवतात, तो चालवून बघायचं काम माझं. असा एक बोर्ड त्या आठवड्यात मी घरी आणला होता. तळहाताएवढी हिरवी पाटी, मधोमध चिप. संगणकाने त्या चिपला आकडे द्यायचे आणि तिने त्या आकड्यांप्रमाणे वीज कमीजास्त करायची. ती पुरेशा वेगाने खालीवर झाली आणि पुढे स्पीकर लावला, की सूर निघतो. हवा तो, जराही न डळमळणारा. म्हटलं, बाबांना पाच-सहा सूर ऐकवू. ते ओळखतील, आणि योगेश यायच्या आत हा विषय मिटेल. फोनवरही सूर काढता आला असता, पण फोनच्या आवाजाला बाबा डब्यातली माशी म्हणतात.

रविवारी जेवणं झाल्यावर मेज पुसून मी बोर्ड मांडला. कुठून काय जोडायचं ते ठरवणाऱ्या बारीक टोप्या असतात, जंपर, त्या बघून घेतल्या. मीटर लावून पाच व्होल्ट मिळतात ना ते पाहिलं. यूएसबी जोडली. बोर्ड मुका! आकडे चिपपर्यंत पोचत होते, पण "आता बाहेर काढ" हा इशारा तिला मिळतच नव्हता. त्या इशाऱ्याचा जंपर हलवला आणि स्पीकरमधून असा काही घुंऽऽ आवाज आला की आतून आई "अगो बाय!" म्हणत बाहेर आली.

"बसा बाबा. ही काळी एक." पेटीची पहिली काळी पट्टी ती काळी एक; आमच्याकडे गाणारे सूर सांगतात तो असाच, पट्टीच्या रंगाने आणि नंबराने. पडद्यावर मी तिचा आकडा भरला, दोनशे सत्त्याहत्तर.

बाबांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "ही काळी एक न्हय गो. ही पांढरी एक. आणि तीसुद्धा मातशी चढलेली."

मातशी म्हणजे किंचित, जागेपेक्षा जरा वर. दुसरा सूर लावला, तिसरा लावला. प्रत्येक वेळी बाबा एक पट्टी खालचं नाव घेत होते, आणि वर "मातशी चढलेली."

"बाबा, नीट ऐका ना!"

"ऐकतंय."

"मग चुकता कसे? बोर्ड आकड्यावर चालतो. आकडा खोटं बोलत नाही!"

हे मी बोलले, माझ्या ह्या तोंडाने. बाबा उठले. "डॉक्टरच्या कागदान पण ताच सांगितल्यान," एवढं म्हणून जनेलापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बाहेर बघत राहिले.

सव्वातीन वाजले होते. स्वतःला दोन थोबाडीत माराव्यात असं वाटत होतं. तारा काढायला घेतल्या आणि हात थांबला. कान गेलेला माणूस कसाही चुकेल, कधी वर, कधी खाली. बाबा दर वेळी तेवढेच चुकत होते. इतकं मापात माणूस चुकत नाही, ते आमच्या यंत्रांचं काम.

बोर्डावर एक चकचकीत डबी असते, तिच्या ठोक्यावर सगळं चालतं. तिच्यावरचा बारीक आकडा फोनच्या कॅमेऱ्यात मोठा करून वाचला. चोवीस. आणि पडद्यावर होता पंचवीस, कारण ऑफिसातल्या जुन्या बोर्डाची सेटिंग मी आळसाने जशीच्या तशी उचलली होती. म्हणजे प्रत्येक सूर पंचविसातला एक भाग खाली. कागद घेऊन हिशेब मांडला. दोनशे सत्त्याहत्तर मागितले की वाजत होते दोनशे सहासष्ट. पांढरी एक असते दोनशे साडेएकसष्टवर.

पांढरी एक, मातशी चढलेली!

मी कागद बाबांपुढे धरला. "मी चुकले बाबा. बोर्ड मी चुकीचा लावला होता. तुम्ही बरोबर होता, दर वेळी." आणि भोकाड पसरलं. तीस वर्षांची घोडी.

बाबांनी कागद बघितला, मला बघितलं. "रडा नको गो चेडवा. आता नीट वाजव."

चोवीस भरले. काळी एक लागली आणि बाबांची मान हलली. मला वाटलं, सुटलो. पण बाबा ते बाबाच. "मगे बाबाजीक खटकला काय?" म्हणत त्यांनी परत आलेली पेटी खोलली आणि एकेक पट्टी बोर्डाच्या सुराशी लावून बघायला घेतली. दोन सूर किंचित वेगळे असले की आवाजात लाट येते, वांव-वांव अशी. जुळले की थांबते. खालच्या, मधल्या सगळ्या पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. अगदी वरच्या दोन पट्ट्यांना मात्र लाट होती. मला ऐकू येत होती. बाबांना नव्हती.

डॉक्टरची रेघ उजवीकडे, म्हणजे वरच्या सुरांकडे, उतरली होती; तेवढ्यापुरती ती खरी होती. मला खोटं बोलावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण दुपारभरात एकदा त्यांना चुकीचं सांगून झालं होतं.

"बाबा, ह्या दोघांत लाट आहे."

बाबा दाराशी गेले, पिशवीची गाठ सोडून कानस काढली आणि पेटीतली पितळी पत्ती हळूच उचलून धरली. "मी घासतंय. तू ऐक. थांबली काय सांग."

"आहे... अजून आहे... कमी झाली... थांबली! बाबा, थांबली!"

दुसरी पत्ती घ्यायला आणि अंगणात मोटारसायकल यायला एकच गाठ पडली. योगेश दारात उभा राहून म्हणाला, "काका, हत्यारं न्यायला आलो."

बाबांनी मानही वर केली नाही. "हत्यारां कामात आसत. तू बस आणि भातो मार. माझ्या चेडवाक ऐकाचा आसा."