बायाबाईच्या पायातली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी वीतभर, अंगाला आठ भोकं. आज मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर गुंजन मॅडमच्या टेबलावर, काचेच्या बरणीत असते. त्याआधी सात महिने मी एका बाईच्या पायात राहिले.

कारखान्यात मला घासूनपुसून आरशासारखं केलं होतं. मोडलेलं हाड धरून ठेवायचं, एवढंच माझं काम. मोहाडीजवळच्या गावची बायाबाई तलावाच्या पाळीवरून घसरली. मासळीची टोपली एकीकडे गेली, ती दुसरीकडे. नडगीचं हाड कातडी फोडून बाहेर आलं, चिखलात रुतलं. डॉक्टरांनी जखम धुतली आणि आठ स्क्रूंनी मला त्या हाडावर बसवलं. दोन महिन्यांत बायाबाई काठी टेकत अंगणात फिरू लागली. शेजारणी यायच्या तेव्हा ती पाय पुढे करून माझं कौतुक सांगायची. मला फार अभिमान वाटायचा.

मग नडगीवर एक फोड आला. तो फुटला आणि पू वाहू लागला. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पू थांबेना. दवाखान्यात पू तपासला. दोन दिवसांत त्यात एकही जंतू वाढला नाही, म्हणून पुन्हा त्याच गोळ्या मिळाल्या.

तेव्हापासून त्या घरात संशय शिरला.

पहिला संशय माझ्यावर. "दुसऱ्याच्या पायातली जुनी पट्टी काढून माह्या पायात टाकली असन," बायाबाई म्हणायची.

दुसरा संशय सुनेवर. ज्योत्सना रोज जखम धुऊन मलमपट्टी करायची. एके दिवशी बायाबाईने पाय मागे ओढला.

"राहू दे. माही मी करतो."

"काहून, आई?"

"तुहा हात लागला का जास्तच वाहते. मलमात काय मिसळून राहिली, तुलेच ठाऊक."

गरम पाण्याचं भांडं तिथेच ठेवून ज्योत्सना आत गेली. त्या दिवसापासून सासू आपल्या हातांनी जखम बांधू लागली आणि सुनेने आणलेला चहा तिच्यासमोरच उंबऱ्याबाहेर ओतू लागली. खरं सांगते, मित्रांनो, मलाही वाटलं, बायाबाई म्हणते त्यात काही असेल. ज्योत्सनाची पावलं जवळ आली की मी कान टवकारायचे.

त्याच दिवसांत माझ्या पाठीवर, हाडाच्या बाजूला, एक मऊ बुळबुळीत थर चढत होता. मला वाटलं, शरीराने मला आपलंसं केलं.

पाय सुजून तापला, तेव्हा ज्योत्सनानेच भांडून बायाबाईला दवाखान्यात आणलं. तिथे गुंजन मॅडम नव्याने आल्या होत्या. त्यांनी जुने कागद वाचले आणि विचारलं, "पडलात तेव्हा जखमेत चिखल गेला होता?"

"गेलता. तलावाचाच. पर हे कोनं विचारलंच नाही."

मॅडमनी आतून नमुना घेतला आणि तीन आठवडे ठेवायला सांगितला. बाराव्या दिवशी त्यात करडा कापूस उगवला. ती बुरशी होती; हळू वाढते, म्हणून आधी दोन दिवसांत दिसली नव्हती.

"ही चिखलातून आली," मॅडम म्हणाल्या. "ती पट्टीला चिकटून थर करते. त्या थराच्या आत औषध पोचत नाही. पट्टी काढावीच लागेल."

"मंग माहा पाय?"

"हाड खरवडून साफ करू. बाहेरून सळ्यांची चौकट लावू. बुरशीवरच्या गोळ्या मात्र सहा महिने, एकही न चुकवता. मधूनमधून रक्तही तपासू."

मला बाहेर काढलं तेव्हा उजेडात माझी पाठ दिसली. ज्याला मी माया समजले तो थर माझ्यावर होता. ज्योत्सनावर संशय घेणारी मीच चोराला घर देऊन बसले होते.

सहा महिन्यांनी दोघी तपासणीला आल्या. जखम भरली होती. मॅडमनी बरणी दाखवली. बायाबाईने ती हातात घेऊन माझी पाठ पाहिली.

"ज्योत्सना," ती म्हणाली, "म्या तुह्यावर वाईट संशय घेतला."

ज्योत्सनाने मान खाली घातली. "मीबी रोज तुमच्या लुगड्याचे काठ हुंगत होती, आई. चोरून तलावावर जाऊन जखम भिजवता का म्हणून."

बायाबाई हसली नाही. खुर्चीवरून उठताना तिने काठी बाजूला ठेवली आणि सुनेच्या खांद्यावर हात टेकला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाच्या अंगात माझ्यासारखी पट्टी, सळई किंवा नळी असेल आणि जखम वाहत राहिली, तर ती लपवू नका. माती लागली होती की पाणी, सगळं डॉक्टरांना सांगा. गोळ्या अर्ध्यावर सोडू नका. आणि जी जखम धुते, तिचा चहा ओतून देऊ नका.