टेकू काढल्यावरची भाकरी

बंकटअण्णांनी कंपनी काढली तेव्हा कंपनी म्हणजे एक घमेलं, दोन थाप्या आणि बायको साखराबाई. बाप मेंढरं राखायचा. अण्णांनी दिंद्रुडच्या ओढ्यावर पहिली मोरी बांधली आणि खालचे टेकू काढायची वेळ आली, तर गावातलं कुणी जवळ फिरकेना. मेंढक्याच्या पोरावर कोण भरवसा ठेवणार? अण्णा बायकोला घेऊन मोरीखाली बसले, फडकं सोडलं आणि भाकरी खाल्ली. तेव्हापासून घराण्याचा नेमच पडला. टेकू निघाले की आधी घरच्यांनी खाली जेवायचं, मग लोकांनी पाऊल टाकायचं.

आता कंपनी लेक रामेश्वर बघतो. यंदा सिरसाळ्याच्या अलीकडे एका वस्तीवर शाळेचं काम होतं. भर मे महिन्यात स्लॅब ओतला, आणि तो पक्का व्हावा म्हणून त्यावर मारायच्या पाण्याचे टँकर या गड्याने अमरसिंह पुढाऱ्यांच्या मोसंबीकडे वळवले. पुढची कामं पुढाऱ्यांच्या हातात होती ना! बाग वाचली, स्लॅब उन्हात जळाला. असा स्लॅब दिसायला धडधाकट आणि आतून भुसभुशीत. हे रामेश्वरला कुणी शिकवायला नको होतं.

टेकू काढले त्या दिवशी अण्णा काठी टेकत आले. पानं मांडली. रामेश्वरची लेक धनश्री कॉलेजातून घरी आली होती, तीही बसायला लागली.

"धने, गाडीतून पाणी आण जा," रामेश्वर म्हणाला.

पाण्याचा तांब्या समोरच होता. अण्णांनी तांब्याकडे बघितलं, मग लेकाकडे. धनश्री परत येईपर्यंत जेवणं उरकलेली होती.

संध्याकाळी अण्णांनी त्याला गाठलं. "पोरीला कावून भायेर धाडलंस?"

"उगंच."

"फोड तो स्लॅब."

"उद्घाटनाची तारीख ठरली, अण्णा. काय बी होत न्हाई."

"सोताची लेक बसू देईनास, अन् लोकायची लेकरं बसवतूस व्हय बे?"

उद्घाटन झालं, हारतुरे झाले, शाळा भरली. आणि अण्णा रोज सकाळी जाऊन वर्गातल्या मागच्या बाकावर बसू लागले. लोक म्हणाले, म्हातारा चळला. शाळेच्या बाईंना वाटलं, शाळेवर लई जीव. रामेश्वर एकदा न्यायला गेला, तर अण्णा हळूच म्हणाले, "लेकरं हायत तवर आपल्या घरचं एक माणूस खाली पायजे. मला उठवायचं आसल तर आधी स्लॅब फोड." रामेश्वर आल्या पावली परत फिरला. लाज कोळून प्यायला होता, दुसरं काय.

श्रावणात झड लागली. अण्णा तापाने फणफणले, तेव्हा रामेश्वरला चक्क हायसं वाटलं. दुपारी तो जेवायला घरी आला तर आजोबांना बघायला आलेली धनश्री कुठं दिसेना.

"शाळेत गेली," त्याची बायको सुकन्या म्हणाली. "आजोबाच्या जागी बसते म्हणली."

हातातला घास टाकून तो निघाला. वर्गाच्या दारात पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. मागच्या बाकावर धनश्री बसली होती. तिच्या डोक्यावरच्या स्लॅबला ओल पसरली होती आणि गिलाव्याचा एक पोपडा खाली पडला होता.

"धने, भायेर ये! आत्ताच्या आत्ता!"

"कावून? आजोबाला ताप हाय. घरचं कुणी तरी पायजे ना?"

"मी म्हणतो म्हणून ये!"

"एवढी लेकरं बसलीत, पप्पा. मग मलाच कावून उठवता?"

सगळी लेकरं मान वळवून त्याच्याकडे बघत होती.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "सगळ्यायला भायेर काढा. स्लॅब जळालेला हाय. मला ठाऊक व्हतं."

लेकरं सुट्टी मिळाली म्हणून ओरडत पावसात पळाली. धनश्री दारात थांबली.

"मला पाणी आणायला धाडलं, तवा बी ठाऊक व्हतं?"

त्याने होकाराची मान हलवली. तीही बाहेर गेली. वर्गात रामेश्वर एकटाच उरला. तो मागच्या बाकावर जाऊन बसला.